मुंबईच्या शैवालांची यादी करणारा ग्रंथपाल

१९३५ साली कोपनहेगनमध्ये ६४ पानांची एक इंग्रजी पुस्तिका छापून निघाली. तिचे नाव होते ‘मुंबईतील समुद्री शैवालांची यादी’. लेखक फ्रेडरिक बोर्गेसेन, वय ६९, पेशाने ग्रंथपाल. शास्त्रीय वर्णने आणि छायाचित्रे यांपलीकडे तीत काही नव्हते. प्रदूषण हा तिचा विषय नव्हताच. तेव्हा उल्हास नदीच्या काठी आजच्यासारखी औद्योगिक शहरे उभी राहिलेली नव्हती आणि मीरा, भाईंदर, उत्तन ही मिठागरांची, भातशेतीची आणि मासेमारीची गावे होती.

आज त्याच मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार आठ लाखांवर आहे. शहराच्या उत्तरेला वसईची खाडी. उल्हास नदी कर्जत, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण असा प्रवास करत ठाण्याजवळ येते, तिथून तिचा मुख्य प्रवाह घोडबंदर आणि भाईंदरवरून वळसा घेऊन समुद्राला मिळतो. त्या मुखाच्या दक्षिणेला डोंगरी, चौक, पाली, उत्तन ही कोळीवाड्यांची पट्टी आहे. वरच्या शहरांनी आणि कारखान्यांनी नदीत काय सोडले, याचा हिशेब शेवटी या पट्टीवर येऊन पोचतो. इथले बोंबील बांबूंच्या मांडवावर वाळतात आणि मुंबईभर खाल्ले जातात. त्यामुळे पाण्यात शिसे, कॅडमियम, तांबे, पारा किती, हा केवळ प्रयोगशाळेचा प्रश्न राहत नाही.

तो प्रश्न सोडवायचा तर पाण्याची बाटली भरून आणणे हा पहिला सुचणारा उपाय. पण समुद्राच्या पाण्यात हे धातू लिटरमागे मायक्रोग्रॅमच्या मापात असतात, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बाटली नीट धुतलेली नसेल तर बाटलीचाच धातू मोजला जातो. शिवाय वसईच्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते. सकाळच्या ओहोटीला नदीचे पाणी, दुपारच्या भरतीला समुद्राचे. कारखान्याने रात्री सोडलेले पाणी सकाळपर्यंत निघूनही गेलेले असते. बाटली फक्त त्या क्षणाची साक्ष देते.

खडकाला चिकटलेले शैवाल मात्र कुठे जात नाही. त्याला मुळे नाहीत. जे घ्यायचे ते सगळ्या अंगाने पाण्यातून घ्यावे लागते. त्याच्या पेशीभित्तीत साखरेच्या लांब साखळ्या असतात. तपकिरी शैवालांत अल्जिनेट, लाल शैवालांत अगर आणि कॅराजीनन, हिरव्या उल्वात उल्वान. या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असलेली टोके असतात आणि पाण्यात विरघळलेले धातूंचे धन आयन तिथे जाऊन अडकतात. काही धातू पुढे पेशीच्या आतही शिरतात. अशा तऱ्हेने शैवालातले प्रमाण भोवतालच्या पाण्याच्या हजारो पट होते आणि ते मागच्या काही आठवड्यांची सरासरी सांगते. शैवाल धुऊन, वाळवून, दळून, नायट्रिक आम्लात विरघळवून मोजले की किलोमागे मिलिग्रॅममध्ये आकडा मिळतो. पाण्यात जे जेमतेम सापडते, ते इथे ठळक दिसते.

फक्त एक अट आहे. ते शैवाल कोणते, हे ठाऊक हवे. एकाच खडकावरची दोन शैवाले शेजारी वाढत असली तरी एक जस्त जास्त धरते, दुसरे शिसे. उत्तनच्या पाडिनाची तुलना भाईंदरच्या उल्वाशी केली तर आकड्यांमधला फरक प्रदूषणाचा की जातीचा, हे कळायला मार्ग नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर कोणती शैवाले आहेत याचा जो पाया आज घेतला जातो, त्याचा मोठा भाग बोर्गेसेन यांनी रचला.

त्यांचा जन्म १८६६चा, कोपनहेगनचा. तिथल्याच विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकले. त्या विद्यापीठात तेव्हा युजेनियस वार्मिंग यांचा दबदबा होता. वनस्पतींची नुसती नावे ठेवण्यापेक्षा त्या कोणत्या जागी, कोणाच्या शेजारी, कशामुळे वाढतात हे पाहावे, असा वार्मिंग यांचा आग्रह. १८९५मध्ये आलेले त्यांचे पुस्तक परिसरशास्त्राच्या पायाभूत ग्रंथांत मोजले जाते. बोर्गेसेन यांनी ही दृष्टी समुद्रात नेली. १८९३ ते १९०० ते वनस्पती संग्रहालयात साहाय्यक होते आणि १९००पासून १९३५पर्यंत वनस्पती उद्यानाच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल. प्राध्यापकपद नव्हे, प्रयोगशाळेचे प्रमुखपदही नव्हे. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात शैवाले, असे पस्तीस वर्षे चालले. ग्रंथपालाच्या नोकरीचा एक फायदा मात्र होता: कोणत्या शैवालाचे वर्णन कोणी, कुठे, कधी केले आहे, हे शोधायला त्यांना लांब जावे लागत नसे. शैवालांच्या नावांचा गुंता पाहता ही सोय लहान नव्हती.

पहिले मोठे काम फॅरो बेटांचे. उत्तर अटलांटिकमधल्या या डॅनिश बेटांच्या कड्यांवर लाटा सतत आदळतात आणि शैवालांचे पट्टे वरून खाली एकावर एक रचलेले दिसतात. कोणता पट्टा किती उंचीवर, उघड्या किनाऱ्यावर कोण आणि आडोशाच्या खाडीत कोण, याचा अभ्यास करून १९०४मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. धातू मोजणाऱ्याला आज नेमकी हीच माहिती लागते. वरच्या पट्ट्यातले शैवाल दिवसाचा बराच काळ पाण्याबाहेर असते, खालचे जवळजवळ सतत पाण्यात. दोघांचा धातूशी संपर्क सारखा नसतो. नमुने एकाच उंचीवरून घ्यावेत हा नियम यातूनच येतो.

मग थंड समुद्र सोडून ते उष्ण समुद्राकडे वळले. कॅरिबियनमधली तीन बेटे तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होती. १९०५-०६मध्ये ते तिथे गेले आणि त्या बेटांच्या शैवालांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ ते १९२० या काळात भागाभागाने निघाला. मधेच, १९१७मध्ये, डेन्मार्कने ती बेटे अमेरिकेला विकून टाकली. ग्रंथ पुरा झाला तेव्हा शीर्षकातला देश नकाशावरून नाहीसा झाला होता, पण कॅरिबियन शैवालांचा अभ्यासक आजही त्याच ग्रंथापासून सुरुवात करतो. त्यानंतर कॅनरी बेटे झाली. उष्ण कटिबंधातल्या शैवालांवर अधिकाराने बोलू शकणाऱ्या जगातल्या मोजक्या लोकांत आता त्यांचे नाव होते आणि हिंदी महासागर अजून पाहायचा राहिला होता.

भारतात ते आले १९२७-२८च्या हिवाळ्यात, वयाची साठी ओलांडल्यावर. हंगाम अचूक होता. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर लाटांचा मार असतो, पाणी गढूळ आणि नदीच्या लोंढ्याने गोडसर होते, खडकावरची बरीच शैवाले झडून जातात. पावसाळा संपला की ती पुन्हा वाढू लागतात आणि हिवाळ्यात खडक हिरवे-तपकिरी होतात. कोपनहेगनच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम जाणवतो. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-पाच मीटर वरखाली होते. त्यामुळे मोठ्या ओहोटीला खडकांचा रुंद पट्टा काही तास उघडा पडतो. शैवाल गोळा करणाऱ्याला तेवढेच तास. पाणी परतू लागले की आवरते घ्यायचे.

मुंबईचा किनारा मात्र शैवालांसाठी फारसा उदार नाही. द्वारका आणि ओखा इथल्या स्वच्छ, सपाट खडकांवर त्यांना जे वैभव मिळाले, त्यापुढे मुंबई गरीबच. खाड्यांतून येणारा गाळ पाणी मातकट करतो, उजेड खोल जात नाही, खडकांवर चिखलाचा थर बसतो. तरी उल्वाच्या हिरव्या चादरी, पंख्यासारखा पाडिना, हवेच्या फुग्यांनी तरंगणारे सरगॅसम, लाल ग्रॅसिलारिया अशी मंडळी इथे टिकून आहेत. उत्तनच्या खडकांवरही साधारण हाच परिवार. गाळात तग धरणारी ही शैवालेच पुढे प्रदूषण मोजायला उपयोगी ठरतात, कारण नाजूक जात पाणी बिघडताच मरून जाते आणि मेलेले शैवाल काही नोंदवत नाही.

गोळा केलेले शैवाल टिकवण्याची रीत तेव्हाही हीच होती आणि आजही बव्हंशी तीच आहे. पसरट भांड्यात पाणी घ्यायचे, त्यात शैवाल तरंगत सोडायचे, खालून जाड कागद सरकवायचा आणि फांद्या सुईने मोकळ्या करत कागद अलगद वर उचलायचा. वर फडके, मग टिपकागद, मग दाब. बहुतेक शैवाले स्वतःच्या चिकटपणानेच कागदाला धरून राहतात. काही तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी द्रवात ठेवायचे, कारण लाल शैवालांची ओळख पेशींच्या मांडणीवरून आणि प्रजननाच्या अवयवांवरून पटते, बाह्य रूपावरून नाही. बोर्गेसेन यांचा खरा कस या सूक्ष्मदर्शकाच्या कामात लागला. किनाऱ्यावरचा हिवाळा एक. त्याचा हिशेब कोपनहेगनमध्ये पुढची सात-आठ वर्षे चालला.

मुंबई इलाख्यातल्या हिरव्या आणि तपकिरी शैवालांवरचे त्यांचे लेख भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात १९३०, १९३२ आणि १९३३मध्ये आले. लाल शैवालांवरचे लेख लंडनजवळच्या क्यू उद्यानाच्या बुलेटिनमध्ये १९३१ ते १९३४ या काळात. १९३४मध्येच अरबी समुद्राच्या उत्तर भागातली शैवाले आणि त्यांचा भौगोलिक प्रसार यावर स्वतंत्र ग्रंथिका. मग १९३५ची मुंबईची यादी. त्याच वर्षी ते ग्रंथपालपदावरून निवृत्त झाले. पहिली लेखमाला भारतीय नियतकालिकात दिली हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्यांच्या किनाऱ्यावर शैवाले गोळा केली, त्यांना ती वाचायला मिळाली. त्या काळी युरोपातून येणारे सगळेच अभ्यासक असे करत नसत.

या याद्यांतली सगळी नावे आज तशीच राहिलेली नाहीत आणि धातू मोजणाऱ्याने इथे सावध राहावे लागते. बोर्गेसेन यांच्या काळात चपट्या पानासारखे हिरवे शैवाल म्हणजे उल्वा आणि नळीसारखे पोकळ म्हणजे एंटेरोमॉर्फा, असे दोन वेगळे वंश मानले जात. २००३मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवले की ही विभागणी टिकत नाही. दोन्ही एकच उल्वा. भारतातल्या खाड्यांमधल्या धातूंवरच्या जुन्या अहवालांत एंटेरोमॉर्फा आहे, नव्यांत उल्वा. हे न कळता दोन अहवाल शेजारी ठेवणारा माणूस एकाच वनस्पतीला दोन समजेल. दुसरी गंमत २०१९ची. लिनीयसने १७५३मध्ये ज्याला उल्वा लॅक्टुका नाव दिले, त्या मूळ दाबलेल्या नमुन्याचा डीएनए तपासला गेला. युरोपच्या थंड किनाऱ्यांवर ज्याला हे नाव सर्रास लावले जात होते, ते हे शैवालच नव्हे असे निघाले. मूळ नमुना उष्ण समुद्रातल्या उल्वा फॅसिआटाशी जुळला. हीच फॅसिआटा मुंबईच्या खडकांवर भरपूर वाढते. अडीचशे वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवला होता म्हणूनच हा घोळ सुटला.

बोर्गेसेन यांचा संग्रहही कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. साहजिकच एक विचार मनात येतो. १९२७-२८च्या त्या वाळलेल्या शैवालातले धातू मोजले, तर औद्योगिक मुंबईच्या आधीचा समुद्र हाती लागेल का? अशा जुन्या नमुन्यांच्या रसायनावरून समुद्राचा इतिहास वाचण्याचे प्रयत्न जगात झाले आहेत. पण इथे एक खोच आहे. पूर्वी अनेक संग्रहालयांत किडीपासून बचाव म्हणून वाळलेल्या वनस्पतींना पाऱ्याचे विषारी क्षार लावत असत. त्या कपाटांच्या हवेतही पाऱ्याची वाफ सापडते. म्हणजे ज्या धातूची मुंबईला सर्वांत जास्त चिंता, नेमका त्याच्याबाबत जुना कागद भरवशाचा नाही. तांबे, जस्त, शिसे यांसाठी मार्ग खुला राहतो, तोही कागदातले आणि मूळ पाण्याच्या गाळातले धातू वेगळे काढता आले तर.

निवृत्तीनंतर त्यांनी हात आखडला नाही. १९३७-३८मध्ये दक्षिण भारताच्या शैवालांवर लेख आले. मॉरिशसला ते १९२९मध्येच जाऊन आले होते. तिथल्या शैवालांवरची मालिका १९४०मध्ये सुरू झाली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. व्यापलेल्या शहरात बसून पंचाहत्तरीचा हा माणूस हिंदी महासागरातल्या एका बेटाच्या लाल शैवालांचे भाग एकामागून एक छापत राहिला. स्वतःच्या देशातल्या निसर्गाच्या संरक्षणासाठीही ते आयुष्यभर झटले, पण ते काम डेन्मार्कबाहेर फारसे कोणाला माहीत नाही.

१९५६च्या मार्चमध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात जपानमधल्या मिनामाटा गावात मेंदूच्या एका अनोळखी आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा सेंद्रिय रूपात माशांत साठला होता आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांत पोचला होता. गर्भातली मुलेही सुटली नाहीत. समुद्र सगळे पोटात घेतो आणि विरवून टाकतो, हा समज त्या गावाने मोडला.

शैवालांकडे मापनाचे साधन म्हणून लोकांचे लक्ष गेले ते यानंतरच्या काळात. १९७३मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या, जुन्या खाणींचे पाणी येणाऱ्या खाड्यांत तपकिरी शैवालावर आणि १९७४मध्ये नॉर्वेच्या हार्डांगर फ्योर्डमध्ये असे अभ्यास प्रसिद्ध झाले. नॉर्वेत जस्ताच्या कारखान्यापासून जसजसे दूर जावे, तसतसे शैवालातले धातू कमी होत गेले. नुसत्या शैवालावरून स्रोत कुठे आहे ते सांगता आले. तिथे हे जमले याचे एक कारण असे की फ्युकस आणि अॅस्कोफिलम या तिथल्या शैवालांची ओळख शंभर वर्षांपूर्वीच पक्की झाली होती आणि ती अनेक वर्षे जगतात. मुंबईची बहुतेक शैवाले काही महिन्यांचीच सोबती. त्यामुळे इथे मोजमाप दरवर्षी, त्याच महिन्यात, त्याच जागी आणि त्याच जातीवर करावे लागते.

मुंबईजवळच्या पाऱ्याचा प्रश्न १९८१मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी ठाण्याच्या खाडीतल्या मोजणीतून मांडला. उल्हासच्या खाडीतळाच्या गाळातल्या पाऱ्याचा सविस्तर अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. गाळ जुन्या पापांचा हिशेब ठेवतो: कारखाना बंद झाला तरी तळाशी बसलेला पारा पुढची अनेक वर्षे तिथेच असतो. शैवाल चालू काळाचा हिशेब देते. सुधारणा होते आहे की नाही, हे आधी शैवालात दिसते आणि फार नंतर गाळात. पाऱ्याच्या बाबतीत मात्र शैवालावर एकट्याने विसंबू नये. माशांत साठणारा मिथाइल पारा अन्नसाखळीत पायरीपायरीने वाढत जातो; त्यासाठी मासाच तपासावा लागतो. तांबे, जस्त, कॅडमियम, शिसे यांसाठी शैवाल जास्त कामाचे.

उत्तनला हे करायचे तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतील. होड्यांच्या तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून लावलेल्या रंगात तांबे असते, पोलादी तळ गंजू नये म्हणून जस्ताच्या वड्या बसवतात. तेव्हा होड्या नांगरतात त्या जागेपासून नमुने दूर घ्यायचे, नाहीतर दोष कारखान्यांच्या माथी जाईल. पानांवरचा गाळ समुद्राच्याच स्वच्छ पाण्याने धुऊन काढायचा. जुने बूड आणि कोवळे शेंडे वेगळे ठेवायचे, कारण बुडात धातू जास्त साठलेले असतात. खाडीच्या आत, भाईंदरच्या पुलाकडे खडक कमी आणि तिवरे जास्त. तिथे खडकावरची शैवाले मिळत नाहीत, तिवरांच्या मुळांवर वाढणारी बारीक लाल शैवाले शोधावी लागतात. आणि प्रत्येक वेळी नमुन्याचा एक तुकडा न दळता कागदावर दाबून ठेवायचा. उद्या नाव बदलले तर कोणते शैवाल मोजले होते, ते पुन्हा तपासता येते.

मॉरिशसच्या मालिकेचा शेवटचा भाग बोर्गेसेन यांच्या मृत्यूनंतर, १९५७मध्ये निघाला. शैवालांच्या दोन वंशांना त्यांचे नाव आहे. त्यातला बोर्गेसेनिया हा उष्ण समुद्रातला, हिरव्या द्राक्षासारख्या फुगीर पिशव्यांचा. एकेक पिशवी काही सेंटिमीटर लांब असूनही सगळी मिळून एकच पेशी. तो पोवळ्यांच्या आसपासच्या निवळ पाण्यात वाढतो. मुंबईच्या गढूळ किनाऱ्याला तो मानवणारा नाही.